मिल गिअरबॉक्सचं दुधाळ तेल गाळून वापरता येईल का?

प्रश्न: साखर कारखान्यात फिटर आहे. ऊस पिळणाऱ्या मिलच्या गिअरबॉक्समध्ये व्हीजी ३२० (जाड ग्रेडचं) तेल आहे. हंगाम अर्ध्यावर, तेल दुधाळ झालंय, ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळा लगदा. स्टोअरला नवा बॅरल नाही. सुती कापडातून गाळू का?

उत्तर: कापड नकोच, दादा. बेअरिंग खाणारे कण ५-१० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. डोळ्याला साधारण ४० च्या खालचं दिसतच नाही. ते कापडातून सरळ पार होतात, वर धागे तेलात पडतात. आणि दुधाळ म्हणजे पाणी. साधा फिल्टर ते काढत नाही, सेंट्रिफ्यूज (तेल गरगर फिरवून पाणी वेगळं करणारं) किंवा व्हॅक्यूम डिहायड्रेशनवालं (कमी दाबाखाली पाणी वाफ करून काढणारं) मशीन भाड्याने मागवा. पण आधी पाणी येतंय कुठून? मिल हाउसमध्ये वाफ आणि धुणं कायमच. ऑइल कूलरची नळी, शाफ्टचं सील, ब्रीदर (गिअरबॉक्सला हवा आत-बाहेर करू देणारं टोपण) बघा. कूलर गळत असेल तर गाळणं वाया.

प्रश्नकर्ता: पाणीच आहे हे कसं ठरवू?

उत्तर: तापलेल्या हॉटप्लेटवर एक थेंब टाका, सेफ्टी चष्मा लावून. तडतडलं की पाणी. मशीन चालवाल तेव्हा तेल कोमट ठेवा, ३२० थंडीत फिल्टरमधून लवकर सरकत नाही.

दुसरं उत्तर: नवा बॅरल आला तरी फिल्टर कार्टमधूनच (पंप आणि फिल्टर बसवलेली ढकलगाडी) भरा, सीलबंद तेलातही कण असतात. लगद्यात चमकते तुकडे दिसले तर मात्र गाळत बसू नका, झाकण उघडून गिअरचे दात तपासा.