आईची डिप्रेशनची गोळी १० मिग्रॅ., भावाची २०. डोस कमी पडतोय का?

रेवती_के
नमस्कार मंडळी. आई ७३ वर्षांची, वजन ४६ किलो. बाबा गेल्यापासून तिचं जेवणात लक्ष नाही, झोप नाही. डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम ५ मिग्रॅ.ने सुरू करून आता १० वर आणलीय. यापुढे वाढवणार नाही म्हणाले. माझ्या ३५ वर्षांच्या भावाला हीच गोळी २० ची आहे. आईला एवढी पुरेल? की दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू?

औषधी_अभ्यासक
रेवतीताई, डोस अगदी योग्य आहे. वाढवायचा आग्रह धरू नका. उतारवयात यकृत औषध सावकाश मोडतं. ही गोळी तेवढ्याच डोसला वयस्कांच्या रक्तात साधारण ५० टक्के जास्त भरते, आणि बाहेर पडायलाही जास्त वेळ घेते. म्हणून वयस्कांना १० मिग्रॅ.चीच शिफारस असते. डोस वाढला की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याची भीतीही वाढते. ईसीजी झाला नसेल तर विचारून घ्या. गुण यायला मात्र या वयात वेळ लागतो, दोन-तीन महिनेसुद्धा.

सुनंदा_नर्स
मला डोसपेक्षा सोडियमची काळजी वाटते. या गटातल्या गोळ्यांनी रक्तातलं सोडियम उतरू शकतं. धोका सर्वात जास्त कुणाला? वयस्क, त्यातही बायका, त्यातही कमी वजनाच्या. आई तिन्हींत बसतात. बीपीची गोळी घेतात का? पाकिटावर नावापुढे 'एच' असेल तर त्यात बहुधा लघवी वाढवणारं औषध असतं, त्याने सोडियम आणखी उतरतं. हे बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांतच होतं. गुंगी, मळमळ, तोल जाणं, असंबद्ध बोलणं दिसलं तर 'वयामुळे असेल' म्हणून सोडू नका, त्याच दिवशी रक्त तपासा.

औषधी_अभ्यासक
सुनंदाताईंना पूर्ण अनुमोदन. बायकांमध्ये काही औषधांची रक्तातली पातळी पुरुषांपेक्षा जास्त येते, पण सगळ्याच औषधांचं तसं नाही. वयाचा परिणाम जास्त ठळक. आणि झोपेसाठी कुणी अमिट्रिप्टिलिन सुचवली तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. त्याने वयस्कांत बद्धकोष्ठ, लघवी अडकणं, गोंधळणं, पडणं हे सगळं होतं.

रेवती_के
पाकीट पाहिलं, 'एच' आहे! कालपासून ती जरा गुंगीतही वाटतेय. आत्ताच डॉक्टरांना फोन केला, सोडियम आज संध्याकाळीच करायला सांगितलंय. गोळी आपणहून बंद करायची नाही, असंही बजावलंय.

सुनंदा_नर्स
छान केलंत. जाताना आईंच्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्णांसकट, एका पिशवीत घालून न्या. रिपोर्ट आला की इथे कळवा.