एकाला लाँग लॅप, दुसऱ्याला काहीच नाही, हे नक्की कशावरून ठरतं?

लेट_ब्रेकर

बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागा काढला. मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकल रेसची जागतिक स्पर्धा, मी वर्षानुवर्षं बघतोय आणि घासाघासीचं ओव्हरटेक मला मनापासून आवडतं हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे सगळ्यांनी रांगेत गाडी चालवावी असं माझं म्हणणं आहे असा कोणाचा समज नको. पण पेनल्टी कशी ठरते हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

२०२२ चा जून महिना घ्या. बार्सिलोनाला पहिल्याच कॉर्नरला नाकागामी ब्रेक मारताना पडला आणि जाताना बान्याया आणि रिन्स दोघांनाही घेऊन गेला, रिन्सचं मनगट मोडलं, बान्यायाची रेस तिथेच संपली. निर्णय काय, तर रेसिंग इन्सिडेंट, म्हणजे रेसमध्ये होणारा नेहमीचा अपघात, कारवाई नाही. त्यानंतर तीनच आठवड्यांनी आसेनला क्वार्तारारो आतून घुसायला गेला, स्वतः पडला, आलेश एस्पारगारो ट्रॅकबाहेर ढकलला गेला पण पडला नाही, उलट मागून एकेकाला काढत चौथा आला. आणि क्वार्तारारोला पुढच्या रेसला सिल्व्हरस्टोनमध्ये लाँग लॅप, म्हणजे रेस चालू असताना बाजूला आखलेल्या लांब रस्त्याने जाऊन वेळ घालवायची शिक्षा.

मला दुसरी शिक्षा चुकीची वाटत नाही. पण मग पहिली का नाही? एकात हाड मोडलं, दुसऱ्यात कोणाला काही झालं नाही, आणि शिक्षा उलटी. हे लोक नक्की काय बघून ठरवतात, रायडरने काय केलं ते की त्यातून काय झालं ते? आणि दोन्हीपैकी काय बघायला पाहिजे असं तुम्हाला वाटतं?

---

निळा_झेंडा

चांगला विषय काढलात. मी काही वर्षं क्लब लेव्हलच्या रेसला मार्शल म्हणून उभा राहिलोय, म्हणजे झेंडे दाखवणे, पडलेल्याला उचलणे, गाडी बाजूला ओढणे ही कामं. त्यामुळे माझं मत थोडं कडक आहे हे गृहीत धरून वाचा.

तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर, बघायला पाहिजे ती कृती. परिणाम हा बराचसा नशिबाचा भाग असतो. तोच धक्का, तोच स्पीड, पण समोरचा दहा सेंटिमीटर पुढे असेल तर नुसता घसरतो आणि मागे असेल तर मागच्यांच्या चाकाखाली जातो. या दहा सेंटिमीटरवर धक्का देणाऱ्याचा काहीच कंट्रोल नसतो, त्याच्या हातात असतं ते एवढंच की ब्रेक कधी मारला, आत घुसायला खरंच जागा होती का, आणि मारल्यावर गाडी त्याच्या ताब्यात राहणार होती का.

याचं माझ्या मते सगळ्यात बरोबर उदाहरण म्हणजे २०२१ ची ऑस्टिनची मोटो३ (मोटोजीपीच्या खालचा, सगळ्यात छोट्या गाड्यांचा वर्ग) रेस. देनिझ ओंजू सरळ रस्त्यावर बाजूला सरकला, मागून येणारा आल्कोबा त्याच्या गाडीला लागून पडला आणि त्यामुळे मिन्यो आणि अकोस्टा पण उडाले. बघताना माझ्या तर पोटात गोळा आला होता. तिघंही चालत निघाले, कोणाला मोठं काही झालं नाही. तरी ओंजूला दोन रेसची बंदी. बरेच जण म्हणाले की फार झालं. पण आठवून बघा, त्याच वर्षी मुजेल्लोला जेसन दुपास्किये अपघातात गेला, जुलैमध्ये आरागोनला चौदा वर्षांचा उगो मियान गेला, आणि ऑस्टिनच्या फक्त आठ दिवस आधी हेरेसला सुपरस्पोर्ट ३०० मध्ये दीन बेर्ता विन्यालेस गेला, तो पंधरा वर्षांचा होता. घोळक्यात पडलेल्या पोराला मागचा चुकवू शकत नाही, त्याला ब्रेक मारायला अंतरच मिळत नाही. अशा वेळी नशीब चांगलं होतं म्हणून शिक्षा कमी, असं म्हणणं मला तरी पटत नाही.

आता नाकागामीचं. ब्रेक मारताना पुढचं चाक सुटणं ही चूक आहे, मुद्दाम कोणाच्या अंगावर जाणं नव्हे, आणि पहिल्या लॅपला स्टुअर्ड, म्हणजे शिक्षा ठरवणारे अधिकारी, थोडे सैल असतात कारण वीस-बावीस गाड्या थंड टायरवर एकाच कॉर्नरकडे धावत असतात. पुढच्या गाड्यांच्या मागे हवा मिळत नाही, वाऱ्याचा जो विरोध एरवी गाडी थांबवायला मदत करतो तो कमी असतो, म्हणून रोजच्या जागी ब्रेक मारला तरी गाडी थांबत नाही. हे सगळं मान्य. पण हे सगळं त्या रायडरला आधीच माहीत असतं ना, म्हणून मला तिथे लाँग लॅप द्यायला हवी होती असंच वाटतं. पहिला कॉर्नर आहे म्हणून सूट नको, उलट पहिल्या कॉर्नरला जास्त जपायला हवं, कारण तिथे पडलात तर तुमच्या मागे अख्खं ग्रिड, म्हणजे स्टार्टच्या रांगेतल्या सगळ्या गाड्या, असतं.

---

सहावा_गिअर

कृती वगैरे ठीक आहे पण परिणाम अजिबात मोजायचा नाही हे मला मान्य नाही. ज्याचं मनगट मोडलं त्याच्या तीन-चार रेस जातात, कधी कधी कॉन्ट्रॅक्टचं वर्ष जातं, आणि ज्याने पाडलं तो पुढच्या रविवारी ग्रिडवर उभा असतो. हे दुखावलेल्या माणसाला न्याय वाटेल का? २०११ मध्ये ले मान्सला सिमोन्चेलीने पेड्रोसाच्या समोर गाडी आणली, सिमोन्चेलीला राइड थ्रू, म्हणजे पिट लेनमधून (ट्रॅकशेजारच्या, गाड्या दुरुस्त करायच्या गल्लीतून) हळू जायची शिक्षा, मिळाली, आणि पेड्रोसाचं कॉलरबोन मोडलं. राइड थ्रू त्याच दिवशी संपली. हाड जुळायला किती लागतं ते ज्याचं मोडलंय त्याला विचारा.

---

गुडघा_टेकू

दोन्ही बाजू वाचल्या. मी स्वतः हौशी रेस करतो, फार मोठं काही नाही, पण आतून घुसताना डोक्यात काय चालतं ते सांगू शकतो म्हणून लिहितो.

दोन वर्षांपूर्वी एका रेसमध्ये मी हेच केलं. पुढचा रायडर कॉर्नरला जरा बाहेर जातो असं मला तीन लॅप दिसत होतं, चौथ्या लॅपला मी ठरवलं की आता जायचं, आणि त्या लॅपला तो बाहेर गेलाच नाही. तोपर्यंत मी ब्रेक सोडून आत आलो होतो, आणि मोटारसायकलवर एकदा तिथपर्यंत आलात की मागे फिरता येत नाही, गाडी उभी केली तर सरळ जाऊन त्याला लागणार आणि आणखी वाकवली तर पुढचं चाक जाणार. माझं हँडल त्याच्या कोपराला लागलं, तो ट्रॅकबाहेर गेला, पडला नाही, मी पोझिशन घेतली आणि रेस संपवली. मला कोणी काही विचारलं नाही. रेसनंतर मी त्याच्याकडे गेलो तर तो एवढंच म्हणाला की तू मला बघितलंच नव्हतंस, तू फक्त जागा बघितलीस. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही, कारण ते खरं होतं. तो पडला असता तर मला नक्की शिक्षा झाली असती, आणि मी दोन्ही वेळेला तेवढाच चुकलेला असतो.

म्हणून मी निळा_झेंडा यांच्या बाजूने. सहावा_गिअर, तुमचं दुःख मला समजतं, पण दुखापतीवर शिक्षा मोजायची म्हटलं तर जो पडल्यावर मुकाट उठून गाडी उचलतो त्याच्यावर अन्याय होतो.

आणखी एक गोष्ट कोणी काढली नाही. शिक्षा सगळ्यांना सारखी लागत नाही. २०१२ ला वालेन्सियाला मार्केझला मोटो२ (मोटोजीपीच्या लगेच खालचा वर्ग) मध्ये सगळ्यात मागून सुरू करायला लावलं, प्रॅक्टिसमध्ये कोर्सीला पाडलं म्हणून. तो ३३ व्या जागेवरून निघाला आणि रेस जिंकला! २०२३ ला हेरेसला बान्याया मिलरला धक्का मारून पुढे गेला म्हणून त्याला एक पोझिशन मागे जायला लावलं, तो मागे गेला, पुन्हा पुढे आला आणि जिंकला. आणि २०१५ ला सेपांगला रॉसी आणि मार्केझ एकमेकांना लागून मार्केझ पडला तेव्हा रॉसीला तीन पेनल्टी पॉइंट, आधीचा एक मिळून चार, म्हणजे वालेन्सियाला शेवटून स्टार्ट. रॉसी शेवटून चौथ्यापर्यंत आला, पण लोरेन्झोने रेस जिंकली आणि चॅम्पियनशिप रॉसीपेक्षा पाच पॉइंट जास्त मिळवून घेतली. तेच मागून सुरू करणं, एकाला जवळपास काहीच फरक पडला नाही आणि दुसऱ्याचं अख्खं वर्ष गेलं. सेपांगला कोण चुकलं यावर मी इथे भांडत नाही, त्यावर हजार धागे झालेत. मुद्दा एवढाच की शिक्षा वेळेत मोजली तर निदान सगळ्यांना तेवढेच सेकंद जातात.

---

लेट_ब्रेकर

गुडघा_टेकू, एवढं मोकळेपणाने लिहिलंत त्याबद्दल खरंच आभार. जागा बघितलीस, मला नाही बघितलंस, यात सगळं आलं.

पण मग सेकंदाचं बोलतोय तर माझी दुसरी तक्रार. लाँग लॅपमध्ये साधारण दोन-तीन सेकंद जातात, ट्रॅकप्रमाणे थोडं कमीजास्त. आणि टायरचं प्रेशर ठरलेल्यापेक्षा कमी राहिलं तर रविवारच्या रेसला सरळ १६ सेकंद. २०२५ ला कतारला मॅव्हरिक विन्यालेस दुसरा आला आणि प्रेशरमुळे चौदावा झाला. म्हणजे हवा कमी असली तर १६ सेकंद आणि माणसाला पाडलं तर तीन? प्रेशरचा नियमसुद्धा सेफ्टीसाठीच आहे हे मला समजतं, तरी या दोन शिक्षा एका तराजूत कशा बसतात हे मला कोणी समजवा.

---

निळा_झेंडा

याचं कारण असं की प्रेशर मोजता येतं. आकडा सेन्सरवरून येतो, वर की खाली, विषय संपला, त्यात मत लागत नाही. धक्का मोजता येत नाही. तिथे कोणीतरी व्हिडिओ बघून ठरवतो, आणि जिथे मत आलं तिथे माणूस हात आखडता घेतो, कारण चुकलं तर चॅम्पियनशिपवर परिणाम होतो. म्हणून तीन सेकंद. मला हे योग्य वाटत नाही पण कारण हेच असावं असं मला वाटतं.

आणि नियम लिहिताना शब्द किती जपून लिहायला हवेत ते २०२३ च्या पोर्तिमाओला दिसलं. मार्केझने ओलिव्हेराला पाडलं, डबल लाँग लॅप दिली, पण कागदावर लिहिलं की अर्जेंटिनाच्या रेसमध्ये. मार्केझचा हात मोडला होता, तो अर्जेंटिनाला गेलाच नाही. मग दोन दिवसांनी बदल केला की जेव्हा परत येईल तेव्हा भोगायची. होंडाने अपील केलं आणि शेवटी ती शिक्षाच रद्द झाली. ओलिव्हेरा मात्र अर्जेंटिनाला घरी बसला, आणि मग हेरेसला क्वार्तारारो आणि बेझेकीच्या भानगडीत पुन्हा पडून त्याचा खांदा निखळला. त्या माणसाचं मला खरंच वाईट वाटतं, दोन्ही वेळेला तो स्वतःच्या लाइनवर होता.

सहावा_गिअर, तुमच्या मुद्द्यावर एक सुचवतो. परिणामावर शिक्षा वाढवण्याऐवजी कृतीवरची शिक्षाच आत्ताच्यापेक्षा मोठी ठेवा. म्हणजे आतून घुसताना समोरच्याला सुटकेची जागा ठेवली नाहीस तर किमान डबल लाँग लॅप, तो पडो न पडो. दुसऱ्यांदा तसंच केलंस तर पिट लेनमधून, सगळ्यांच्या मागून, स्टार्ट. २०२० ला ऑस्ट्रियाला झार्को आणि मॉर्बिडेली ३०० च्या आसपास स्पीडला एकमेकांना लागले आणि गाड्या रॉसी-विन्यालेसच्या मधून उडत गेल्या, तेव्हा झार्कोला पुढच्या रेसला पिट लेन स्टार्ट दिलीच होती. म्हणजे देता येते. रोज द्यायची तयारी नाही एवढंच.

---

सहावा_गिअर

तो पडो न पडो, हे आवडलं. यावर माझं भांडण नाही.

फक्त शेवटच्या लॅपचं काय? शेवटच्या कॉर्नरला धक्का मारला तर लाँग लॅप घ्यायला लॅपच उरत नाही. हेरेस २००५, रॉसी आणि जिबर्नाउ. हेरेस २०१३, मार्केझ आणि लोरेन्झो, तोच कॉर्नर, आणि त्याच वीकेंडला त्या कॉर्नरला लोरेन्झोचं नाव दिलं होतं. दोन्ही वेळेला शिक्षा शून्य.

---

गुडघा_टेकू

आता लॅप उरला नसेल तर तेवढे सेकंद निकालात मिळवतात. पण शेवटच्या कॉर्नरला माझ्या मते सेकंद नकोत, सरळ पोझिशनची अदलाबदल करावी. धक्का मारून जे मिळवलं ते परत द्यायचं. २०१३ ला हे केलं असतं तर लोरेन्झो दुसरा आणि मार्केझ तिसरा, चार पॉइंटचा फरक इकडचा तिकडे, आणि त्या वर्षी चॅम्पियनशिप लोरेन्झोच्या हातून मार्केझकडे किती फरकाने गेली ते बघा, चार पॉइंट. आठ पॉइंटची उलथापालथ झाली असती. मार्केझने पुढे वेगळी गाडी चालवली असती वगैरे सगळं मान्य आहे, तरी आकडा बघून मी गप्प बसलो होतो.

---

लेट_ब्रेकर

२००५ ची ती रेस आत्ता परत बघून आलो. तेव्हा मी रॉसीसाठी घर डोक्यावर घेतलं होतं, जिबर्नाउकडे बघितलंसुद्धा नव्हतं. आज फक्त त्याच्याकडे बघितलं. तो कॉर्नरला वळायला सुरुवात करतो, आतून गाडी येते, आणि हा ग्रॅव्हलमध्ये, मग तिथून कसाबसा परत येऊन दुसरा. रॉसी तिथे आतल्या बाजूला येऊ शकत होता, जागा थोडी होती, पण तो धक्का न लागता वळू शकला नसता असं मला आज वाटतं. मी असतो तर पोझिशन बदलली असती. रॉसी आवडतो तरी बदलली असती.