मजकुराची मांडणी वर्गात वेगळी शिकवावी का?

कृष्णाकाठ (सांगली), धागाकर्ता

माध्यमिक शाळेत मराठी शिकवणाऱ्यांसमोर एक प्रश्न ठेवतो आहे. मजकुराची मांडणी ओळखणे आणि ती आपल्या लेखनात वापरणे हे विद्यार्थ्यांना धड्यांच्या ओघात आपोआप येईल, असे आपण धरून चालतो. ते वेगळे वेळ देऊन शिकवावे का? माझ्या मते शिकवावे, आणि आठवीपासून शिकवावे.

माहितीपर मजकुराच्या ढोबळमानाने पाच मांडण्या सांगितल्या जातात: वर्णन, क्रम, तुलना, कारण-परिणाम आणि समस्या-उपाय. अमेरिकेतील संशोधक बॉनी मायर यांनी दोन सहकाऱ्यांसह १९८० साली नववीच्या विद्यार्थ्यांवरील एक अभ्यास प्रसिद्ध केला. लेखकाने उताऱ्याला दिलेली मुख्य मांडणी धरून जे विद्यार्थी वाचलेले पुन्हा लिहून काढत, त्यांच्या लक्षात मजकूर अधिक राहत असे, हा त्याचा गाभा. हे वाचनाबद्दल झाले. लेखनात काय होते, ते आपल्याच एका विषयावरून पाहू. महापुरावर परिच्छेद लिहायला सांगितला की वहीत साधारण असे काही येते:

‘२०१९ साली सांगलीत महापूर आला. त्यामुळे सर्व लोक घाबरले. त्यामुळे शाळांना सुट्टी मिळाली. कृष्णा ही आपली जीवनदायिनी आहे. पुरामुळे खूप नुकसान होते.’

यातली कोणतीही दोन वाक्ये उलटसुलट केली तरी फारसे बिघडत नाही, आणि दोष तिथेच आहे. दुसऱ्या ‘त्यामुळे’ला तर आधारच नाही; लोक घाबरले म्हणून शाळांना सुट्टी मिळाली नव्हती. अशी वही शुद्धलेखनाच्या लाल खुणांसह परत जाते, पण हा परिच्छेद कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आहे, असे मुलाला कोणी विचारत नाही. ‘पाणी कसे चढत गेले?’ असे विचारले, तर आयर्विन पुलाजवळची ४० फुटांची इशारा पातळी, मग ४५ फुटांची धोक्याची पातळी, वस्त्यांतून माणसे हलवणे आणि अखेर ५७ फुटांपर्यंत गेलेले पाणी, असा क्रम आपसूक येईल. ‘का चढले?’ असे विचारले, तर पाणलोटातला पाऊस, कोयनेतून सोडलेले पाणी आणि वारणेचा पूर येथून सुरुवात करावी लागेल. माहिती बरीचशी तीच राहते. कोणते वाक्य आधी यावे आणि कोणते मुळात नकोच, हे मात्र प्रश्नाप्रमाणे बदलते. एवढे मुलाला कळले, तर निम्मे काम झाले असे मी समजतो.

अजिंक्यतारा (सातारा)

सर, परिच्छेदाचे निदान बरोबर आहे, पण औषधाला माझा विरोध आहे.

दहावीच्या ८० गुणांच्या मराठीच्या पत्रिकेत उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा या प्रत्येकाचा आराखडा आपण शिकवतो. त्याचे फळ काय मिळाले? प्रति, विषय, महोदय, दिनांक हे सारे जागच्या जागी असते आणि आतल्या मजकुरात जीव नसतो. तक्रारपत्रातला मुलगा ‘आपल्या परिसरात कचऱ्याची समस्या गंभीर झाली आहे’ असे लिहितो; कचरा कोणत्या कोपऱ्यावर, किती दिवसांपासून पडला आहे, हे त्याला सांगावेसे वाटत नाही, कारण आराखड्यात त्याची ओळ नाही. त्यात या पाच मांडण्यांची भर पडली, की पुढच्या वर्षीच्या गाइडमध्ये चौकट आलीच म्हणून समजा: डावीकडे मांडणीचे नाव, उजवीकडे ‘परिणामी, तथापि, याउलट’ असे खुणेचे शब्द, आणि खाली एका गुणाचा प्रश्न, ‘पुढील उताऱ्याची मांडणी ओळखा’. मुले ते बिनचूक ओळखतील आणि लिहिताना पुन्हा जीवनदायिनीच काढतील.

शिवाय चांगला लेखक अशी एक मांडणी निवडून लिहायला बसतो का? आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभूचे आगरकर घ्या. त्यांच्या निबंधाला आकार येतो तो त्यांना समोरच्याला काहीतरी पटवून द्यायचे असते म्हणून. विषयाची तळमळ आधी असावी लागते. ती नसेल तर मांडणी शिकवून काय साधणार?

पूर्वपक्ष (कराड)

आगरकरांचे उदाहरण देऊन अजिंक्यतारा यांनी आपल्याच म्हणण्याविरुद्ध साक्षीदार उभा केला आहे. सुधारणेविरुद्धचे आक्षेप समोर घ्यायचे आणि त्यांना उत्तरे देत पुढे जायचे, ही आगरकरांची रीत त्यांच्या तळमळीइतकीच जुन्या शास्त्रपद्धतीला धरून आहे. मीमांसेच्या, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राच्या, अधिकरणात (एका मुद्द्याच्या चर्चेत) विषय, संशय, पूर्वपक्ष (समोरच्याचे म्हणणे), उत्तरपक्ष (त्याला उत्तर) आणि निर्णय अशा पायऱ्या असतात. न्यायशास्त्रात, म्हणजे तर्कशास्त्रात, प्रतिज्ञा (सिद्ध करायचे विधान), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (उदाहरण प्रस्तुत बाबीला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) असे अनुमानाचे पाच अवयव सांगितले आहेत. मांडणी नाव घेऊन शिकवायची आणि विद्यार्थ्याकडून घोटून घ्यायची, हे आपल्याकडे शतकानुशतके चालत आले आहे, आणि त्यामुळे कोणाची बुद्धी कुंठित झाल्याची तक्रार ऐकिवात नाही.

माझा आक्षेप धागाकर्त्याच्या यादीवर आहे. तिच्या पाचही मांडण्यांत लेखक एकटाच बोलतो. दुसऱ्याचे म्हणणे प्रामाणिकपणे मांडून मग त्याला उत्तर देणे तिच्यात कुठेच बसत नाही. वैचारिक लेखनात आपली मुले नेमकी तिथेच अडतात. ‘मोबाइल शाप की वरदान’ या विषयावर निम्मे पान शाप, निम्मे पान वरदान आणि शेवटी ‘वापर मर्यादित असावा’ असे लिहून ती मोकळी होतात.

माणदेशी (दहिवडी)

मी ज्या भागात शिकवते, तिथले बरेच विद्यार्थी मेंढपाळ कुटुंबांतले आहेत. वहीवर चार ओळींपुढे न जाणाऱ्या मुलाला लोकर कशी कातरतात असे तोंडी विचारा. आधी मेंढरे ओढ्यात धुवायची, अंग पुरते वाळू द्यायचे, मग पाय बांधून आडवे करायचे आणि कातर चालवायची, हे तो एक पायरी न चुकवता सांगतो. आधी का धुवायचे, असे मध्येच विचारले तर कारण देतो आणि पुन्हा सोडल्या जागी येतो. मांडणी त्याच्या जिभेवर आहे. तिला कागदावर उतरायची वाट मिळालेली नाही. ‘क्रममांडणी’ हे नाव त्याला देऊन त्या वाटेत मी आणखी एक दगड का ठेवावा? मी त्याला आधी बोलू देते, फळ्यावर त्याचेच शब्द लिहिते, आणि कोणते वाक्य वर-खाली करावे हे वर्गाला विचारते. नावाची गरज मला अजून भासलेली नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

बाई, आपण जे करता त्यालाच मी मांडणी शिकवणे म्हणतो. फरक नावापुरता आहे आणि नावाबद्दल माझा थोडा आग्रह आहे. लोकर कातरण्याचा क्रम मुलाला जन्मापासून पाहून ठाऊक असतो. परंतु जतच्या दुष्काळाची कारणे किंवा ठिबक आणि पाटपाणी यांची तुलना तो कुठे पाहून आलेला नसतो. ती त्याला वाचून उभी करावी लागते. तिथे ‘ही तुलना आहे, मग दोन्ही बाजूंना एकच निकष लाव’ असे सांगता यायला हवे. एका बाजूला खर्च आणि दुसऱ्या बाजूला पिकाचा उतारा लिहिला, तर ती तुलना होत नाही. नावाशिवाय हे दर वेळी पहिल्यापासून समजवावे लागते.

खुणेच्या शब्दांबद्दल अजिंक्यतारा यांची भीती खरी आहे. त्यावर माझ्याकडे दोन उपाय आहेत. एक, परिच्छेदातले सगळे ‘त्यामुळे, म्हणून, परिणामी’ खोडायला सांगावे आणि संबंध तरीही उरतो का ते पाहावे; उरत नसेल तर तो शब्द उसना होता. दुसरा, छापील उताऱ्याची वाक्ये वेगवेगळ्या पट्ट्यांवर कापून द्यावीत. वर्णनाच्या पट्ट्या तीन-चार प्रकारे लागतात, कारण-परिणामाच्या सहसा एकाच प्रकारे लागतात, आणि हे मुलांना हाताने कळते.

वाईकर

वाईत राहणाऱ्याने या चर्चेत मराठी विश्वकोशाची आठवण काढली नाही, तर गाव नाव ठेवील. वनस्पतीवरची नोंद आणि व्यक्तीवरची नोंद शेजारी ठेवून वर्गात वाचून दाखवा. पहिलीत नावे, आढळ, रूप आणि उपयोग अशी चाल दिसते, दुसरीत जन्म, शिक्षण आणि कार्य. वाचकाला कोणती माहिती कुठे शोधायची हे नोंदीच्या प्रकारावरून कळते. इथे मांडणी वाचकाच्या सोयीसाठी असते, लेखकाच्या शिस्तीसाठी नव्हे. मात्र चरित्राच्या क्रमातच मध्ये एखादा परिच्छेद कारणांचा येतो आणि वर्णनात तुलना शिरते. तेव्हा एका उताऱ्याला एक नाव चिकटवू नये. बाहेरची मांडणी कोणती आणि आत काय काय आहे, असे दोन प्रश्न विचारावेत.

द्राक्षबाग (तासगाव), पालक

शिक्षकांच्या चर्चेत पालकाने दोन शब्द टाकतो. द्राक्षावरच्या डाऊनी या बुरशीरोगाचा सल्ला हाती आला की मी आधी लक्षण वाचतो. पानाच्या वर तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी बुरशी माझ्या बागेत दिसते का, ते पाहतो, आणि मगच फवारणीकडे वळतो. ज्या सल्ल्यात औषध आधी आणि लक्षण शेवटी असते, तो वाचताना चूक होते. माझ्या मुलीला शिकवणीत मात्र ‘मी नदी बोलतेय’ पाठ करायला दिले आहे. आजवर इतक्या नद्या, झाडे आणि फाटकी पुस्तके बोलली आहेत, की आता त्यांना थोडी विश्रांती द्यावी आणि मुलांना असा एखादा सल्ला लिहायला सांगावा.

अजिंक्यतारा (सातारा)

पट्ट्यांचा उपाय मला मान्य आहे, तो मी करून पाहीन. परंतु माझा मोठा आक्षेप अजून तसाच आहे आणि तो धागाकर्त्याच्याच उदाहरणातून निघतो. ‘पाणी का चढले?’ या प्रश्नाला त्यांनी तीन कारणे दिली आणि कर्नाटकातल्या कृष्णेवरील अलमट्टी धरणाचे नाव घेतले नाही. अलमट्टीच्या फुगवट्याचा, म्हणजे धरणामागे तुंबलेल्या पाण्याचा, सांगलीच्या पुरात वाटा किती, यावर महाराष्ट्र आणि कर्नाटक यांच्यात वाद चालत आला आहे, आणि नदीपात्रातील अतिक्रमणे हा आणखी निराळा मुद्दा आहे. कारण-परिणामाची सुबक मांडणी हातात आली, की मुलगा एक कारण, एक परिणाम अशी साखळी लावून मोकळा होईल आणि वाचणाऱ्यालाही ती पटेल. विस्कळीत परिच्छेदात निदान त्याचे अज्ञान उघडे दिसते. नीट मांडलेल्या परिच्छेदात ते झाकले जाते.

पूर्वपक्ष (कराड)

म्हणूनच मी संशय ही पायरी सांगितली होती. ‘फुगवटा हे मुख्य कारण आहे’ असे म्हणणाऱ्याची बाजू त्याच्याच जोराने चार ओळींत लिहायची, मग पाऊस आणि विसर्ग यांकडे बोट दाखवणाऱ्याची, आणि निर्णय देता येत नसेल तर कोणती माहिती मिळाली असता देता येईल, ते लिहून थांबायचे.

अजिंक्यतारा (सातारा)

असे असेल तर माझा विरोध बराच खाली येतो. मात्र आठवीच्या मुलांना हे झेपणार नाही. नववीच्या दुसऱ्या सत्रात, आधी बाईंच्या पद्धतीने तोंडी आणि नंतर लेखी, असे करायला माझी हरकत नाही. पण गुणपत्रिकेत त्याची नोंद नको. एक गुण ठेवला तरी तो शिकवणीत जाईल, आणि मग पूर्वपक्षही पाठ करून घेतला जाईल. या अटीवर धागाकर्ते तयार आहेत का, ते त्यांनी सांगावे.

कृष्णाकाठ (सांगली)

गुणांची अट मान्य आहे. आठवीबद्दल मात्र मी मागे हटत नाही. संशयाची पायरी नववीपर्यंत थांबू शकेल, पण पट्ट्या आठवीच्या पहिल्या सत्रातच लावून घेणार.