शब्दचर्चा : घटश्राद्ध म्हणजे घटस्फोट नव्हे, पण...

गिरीश कासरवळ्ळी यांचा १९७७ चा 'घटश्राद्ध' हा कन्नड चित्रपट. पुनरुज्जीवित केलेली त्याची प्रत २०२४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात दाखवली गेली, तेव्हापासून त्याच्यावर मराठीतही थोडंफार लिहिलं जातंय. एका लेखात नावाचा अर्थ 'घटस्फोट' असा दिला होता. पण चित्रपटात नवराबायकोची फारकत कुठेच नाही! त्यातली नायिका यमुना तर विधवा आहे. मग हा शब्द नेमका काय, आणि मराठीत त्याला जवळचं काय म्हणता येईल?

प्रतिसाद

फारकत नाही हे तुमचं बरोबर. तरी घटस्फोट लिहिणाऱ्याला मी पूर्ण चूक म्हणणार नाही, कारण घटस्फोटाचा मूळ अर्थ नवराबायकोशी संबंधित नव्हताच. पतित ठरवलेल्या माणसाला जातीबाहेर टाकताना करायचा तो विधी. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात त्याचं वर्णन आहे. अशुभ दिवशी, सायंकाळी, गावाबाहेर, नातलग आणि गुरू यांच्या समक्ष त्या जिवंत माणसाच्या नावाने उदक सोडायचं. दासीने पाण्याने भरलेला घट पायाने लवंडायचा, प्रेतासाठी करतात तसा. मग भाऊबंदांनी एक दिवस-रात्र सुतक पाळायचं. त्यानंतर त्या माणसाशी बोलणं, एकत्र बसणं, वारशाचा वाटा देणं, सगळं बंद. माणूस चालता-बोलता असतो, पण नातं मेलेलं असतं.

घट लवंडणं किंवा फोडणं आणि मेल्यासारखं श्राद्ध करणं या एकाच कृतीच्या दोन बाजू आहेत. मराठीने पहिली बाजू उचलली आणि पुढे ती विवाहाच्या शेवटासाठी वापरली. कन्नडमध्ये विवाह मोडण्याला 'विच्छेदन' म्हणतात, त्यामुळे चित्रपटाचं नाव ऐकताना तिथल्या माणसाच्या मनात कोर्टकचेरी येत नाही. आपल्या मनात येते. गोंधळ होतो तो इथेच.

आता चित्रपटाकडे. यू. आर. अनंतमूर्ती यांच्या कथेवरून तो केला आहे. उडुप हे घरात वेदपाठशाळा चालवतात, त्यांची तरुण विधवा मुलगी यमुना. तिला दिवस जातात. ज्याच्यामुळे गेले तो शाळामास्तर बाजूला होतो. अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणवस्तीत, कुजबुज सुरू होते आणि शेवटी बापच मुलीचं श्राद्ध घालतो. हे सगळं आपण पाहतो ते नाणी या कोवळ्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी. तिच्याशी प्रेमाने वागणारा तो एकटाच, आणि तो तिला 'अक्का' म्हणतो, आपण मोठ्या बहिणीला म्हणतो तेच. उपशीर्षकं वाचत असतानाही हा एक शब्द मराठी कानाला थेट पोहोचतो, आणि मग पुढचं पाहणं फार जड जातं. गाव तिचं मुंडण करून तिला एकटीला सोडून देतं. मनुस्मृतीत पतित स्त्रीला अन्न, वस्त्र, पाणी द्यावं आणि घराजवळ राहू द्यावं एवढी तरी सोय आहे. अग्रहार तेवढंही करत नाही. नियमाचं नाव घेऊन नियमाच्याही पलीकडचं क्रौर्य केलं जातं. माझ्या मते चित्रपटाचा सगळा राग त्या फरकावर आहे.

उपप्रश्न

मग घटस्फोटाच्या आधी मराठीत लग्न मोडण्याला काय म्हणत? आणि दक्षिणेत इतरत्रही ही प्रथा चित्रपटांत आली आहे का?

प्रतिसाद

काडीमोड. ज्या जातींत रिवाजाने लग्न मोडता येत होतं तिथे पंचांसमोर काडी मोडायची, आणि बाईला पुन्हा पाट लावता यायचा. घट फुटला की परतीची वाट फार अवघड. काडी मोडली की दुसरं घर मांडता येतं. बहुसंख्य समाजाचा हा मोकळा शब्द बाजूला पडला आणि बहिष्काराच्या विधीतला शब्द कायद्याच्या कागदावर बसला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर केरळात सापडतं. नंबूदिरी, म्हणजे तिथल्या ब्राह्मणांच्या, घरांत स्त्रीवर व्यभिचाराचा संशय आला की 'स्मार्तविचारम्' नावाची चौकशी चाले. त्या स्त्रीला नावाने हाक मारत नसत, 'साधनम्' म्हणत. आपण साधन म्हणतो तेच, पण तिथे अर्थ 'वस्तू'. दोष ठरला की तिची ताडाच्या पानांची छत्री काढून घेत. आडोसा गेला म्हणजे ती कुणाचीही नाही. त्यानंतरच्या पायरीचं नाव आहे 'उदकविच्छेद', पाणी तोडणं. मग घरचे जणू ती मेली असं धरून क्रिया करत आणि 'शुद्धभोजनम्', म्हणजे शुद्धीचं जेवण, होई. १९०५ साली कुरियेडत्त तात्री या स्त्रीने अशा चौकशीत साठाहून अधिक पुरुषांची नावं घेतली आणि त्यांनाही जातीबाहेर पडावं लागलं. हरिहरन दिग्दर्शित आणि एम. टी. वासुदेवन नायर लिखित मल्याळम चित्रपट 'परिणयम्' (१९९४) याच प्रथेवर आहे. तिथेही तरुण विधवा, तिथेही जबाबदारी टाळणारा प्रियकर. शीर्षकाचा अर्थ मात्र 'विवाह'. मल्याळममध्ये आजही घरातून कायमचं तोडण्याला 'दार लावून पिंड ठेवणं' अशा अर्थाचा वाक्प्रचार वापरतात.

मराठीत याच्या सगळ्यात जवळ जातो तो आपला 'नावाने आंघोळ करणे'. मुलीने पळून जाऊन दुसऱ्या जातीत लग्न केलं की "आम्ही तिच्या नावानं आंघोळ केली" असं म्हणतात, ती आंघोळ सुतकाचीच. 'तिलांजली देणे' हा शब्दही त्याच क्रियेतून आला, पण तो आता सवयीलाही देतात, तत्त्वांनाही देतात, धार गेली. आंघोळीची धार अजून तशीच आहे. जिवंत मुलीच्या श्रद्धांजलीचे फलक लावल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, म्हणजे कृतीही गेलेली नाही. 'वाळीत टाकणे' मात्र थोडं वेगळं: तिथे गावकी किंवा जातपंचायत अख्ख्या घराला तोडते, आणि त्याविरुद्ध महाराष्ट्रात २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. घटश्राद्धात तोडणारे हात घरातले असतात. बाप आपल्या हाताने उदक सोडतो.

आणखी एक शंका

'जितेपणीचं श्राद्ध' म्हटलं तर चालेल ना? सोपं आहे.

प्रतिसाद

नको. ते जीवच्छ्राद्ध किंवा आत्मश्राद्ध, आणि ते माणूस स्वतःचं स्वतः करतो. संन्यास घेताना करतात तसं. त्यात इच्छा आहे, मोकळं होणं आहे. यमुनेला कुणी विचारलंच नव्हतं. चित्रपटाची ओळख करून देताना मी नाव तसंच ठेवीन आणि लगेच पुढे लिहीन : 'जिवंत मुलीला मेली असं ठरवून बापाने घातलेलं श्राद्ध.' वाक्यातला 'बापाने' मात्र कुणी गाळू नये.