डिसेंबरची सहल : हर्णै वगळायचं का?

ए-१०२: मंडळी, डिसेंबरच्या शेवटच्या शनिवार-रविवारी दापोलीकडे येणारे १८ जण झाले. मुरुडला खोल्या बघतोय. हर्णैचा मासळीबाजार काढून टाकू का? वासाचा मुलांना त्रास होईल असं दोघांचं म्हणणं आहे.

बी-३०४: दादा, काढू नका. माझं माहेर पाजपंढरीचं, हर्णैला लागूनच. मासळीचं बंदर आहे, वास येणारच. पण इतक्या लांब जाऊन लिलाव न बघता परत यायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

सी-२०१: किती वाजता असतो वहिनी?

बी-३०४: सकाळीही असतो, पण संध्याकाळी जास्त गजबज. चारच्या सुमाराला पोचा. लाँच आत पाण्यात नांगरतात, छोट्या होड्या माल काठाला आणतात. माझ्या लहानपणी बैलगाड्या चाकं बुडेपर्यंत पाण्यात जायच्या. मग वाळूवर ढीग लागतात, सुरमई, पापलेट, कोळंबी, म्हाकूल. भोवती माणसांचं कडं, आणि बोली अशी भराभर चढते की नवख्याला माल कुणाला गेला तेही कळत नाही.
एकच मागणं आहे. फोटोसाठी त्या कड्यात शिरू नका. माल लगेच बर्फात घालून गाडीत चढवायचा असतो, खोळंबा झाला की भाव पडतो. बाजूला उभं राहून विचारा, सगळे आपुलकीने सांगतात.

सी-२०१: घरापुरती मिळेल का?

बी-३०४: लिलावात नाही, तिथे ढीगच घ्यावा लागतो. कडेला बसलेल्या बायकांकडून वाटा घ्या. घरगुती खानावळीत नेऊन दिलीत तर करूनही देतात.

ए-४०३ (काकू): आम्ही शाकाहारी माणसं तिथे काय करणार गं?

बी-३०४: काकू, तुम्ही समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्याला चला! हर्णैहूनच नाव मिळते. दारात पायरीवर कासव कोरलंय, भिंतीवर मारुती आहे. दुसऱ्या दिवशी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, तिथून खालची खाडी आणि समुद्र दोन्ही दिसतात.

डी-१०१ (काका): सुवर्णदुर्ग म्हणजे आंग्र्यांच्या आरमाराचं मोठं ठाणं. १७५५ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांशी हातमिळवणी करून तुळाजी आंग्र्यांकडून तो घेतला. आपल्याच माणसांनी आपलं आरमार खिळखिळं केलं, याचं मला आजही वाईट वाटतं. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलेल्या १२ किल्ल्यांत तो आहे. मुलांना तिथे उभं करून हे सांगायचंय मला.

ए-१०२: नाव कितीला ठरवायची?

बी-३०४: भरती-ओहोटी बघून नाववालाच सांगेल. किल्ल्यावर उतरताना पाण्यात पाय घालावे लागतात, काकूंना धरायला दोघं लागतील.

सी-२०१: आमच्या ताईला जूनमध्ये जायचंय, तेव्हा?

बी-३०४: नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या असतात. मासळीच्या विणीचे दिवस असतात ते.

ए-१०२: ठरलं. शनिवारी चारला हर्णै, रविवारी सकाळी किल्ला. काकू, तुमचं नाव नावेत धरतो.

ए-४०३ (काकू): धर. आणि पहिल्या दिवशी मीही येते बंदरावर.