आजीची शुश्रूषा करताना परिचारिका व्हावेसे वाटले. घरचे साशंक आहेत

प्रश्न (केज, जि. बीड):
आजीला अर्धांगवायू झाल्यापासून तिची कूस दर दोन तासांनी बदलणे, पाठीवर आणि टाचांवर लाली आली आहे का हे पाहणे, ही सर्व कामे मीच करते. त्यातूनच परिचारिका होण्याची ओढ लागली. बारावी कला शाखेतून झाली आहे. 'घरच्याचे करणे वेगळे, परक्याचे वेगळे,' असे वडील म्हणतात.

उत्तर १ (लातूर):
कला शाखेची अडचण नाही. इंग्रजीसह बारावीत किमान ४० टक्के गुण असल्यास तीन वर्षांच्या जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) या परिचारिका अभ्यासक्रमाला पात्रता मिळते; बीएस्सी नर्सिंगला मात्र विज्ञान शाखा आणि जीवशास्त्र लागते. संस्थेची मान्यता आधी तपासावी, कारण पुढे महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी व्हायची असते.

उत्तर २ (निवृत्त परिचारिका, नांदेड):
ताई, वडिलांचे म्हणणे अगदीच चूक नाही. आजीसाठी मायेने हात चालतो. वॉर्डात एकाच वेळी अनेक रुग्ण, चिडलेले नातेवाईक आणि रात्रपाळी असते. तरीही टाचेची लाली पाहण्याची आपली सवय मोलाची आहे. बोटाने दाबल्यावरही ती फिकी होत नसेल, तर तो दाबव्रणाचा, म्हणजे एकाच जागी सतत दाब पडून होणाऱ्या जखमेचा, आरंभ समजावा. तेथे चोळू नये, भार काढावा आणि डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर ३ (परभणी):
वसतिगृहात गेल्यावर आजीची कूस कोण बदलणार, हे वडिलांशी आजच ठरवा. बहुधा त्यांची खरी चिंता तीच असावी.