'क्वांटम मॅन' हे शिल्प क्वांटम सिद्धांताबद्दल चुकीचं शिकवतं का?

तरंगलांबी:
अमेरिकेतल्या मोझेस लेक गावात २००६ सालचं 'क्वांटम मॅन' हे शिल्प आहे. साधारण अडीच मीटर उंचीचा चालता माणूस, शंभराहून जास्त समांतर पोलादी पत्र्यांचा, मधे फटी. समोरून पाहा, भरीव माणूस. बाजूला जा, पत्र्यांच्या कडा तेवढ्या उरतात आणि आरपार दिसतं. शिल्पकार ज्युलियन व्हॉस-आंद्रे आधी भौतिकीतला. व्हिएन्नात अँटन झाइलिंगर यांच्या गटानं १९९९ मध्ये ६० कार्बन अणूंचे रेणू जाळीतून सोडून ते लाटांसारखे वागतात हे दाखवलं, त्या प्रयोगात तो होता.
माझं मत: क्वांटम जगाचं, म्हणजे अणू-इलेक्ट्रॉनांच्या पातळीवरच्या जगाचं, परकेपण या शिल्पाभोवती एक चक्कर मारून जितकं अंगावर येतं, तितकं कुठल्याही लेखातून येत नाही.

मापनयंत्र:
सपशेल असहमत. पोलाद जागचं हलत नाही. बदलतो तो माझा कोन. म्हणजे 'वस्तू आधीपासून ठरलेलीच आहे, आपल्यालाच ती पूर्ण दिसत नाही' असा याचा अर्थ निघतो. नेमक्या याच समजुतीला भौतिकशास्त्रज्ञ जॉन बेल यांच्या १९६४ च्या प्रमेयानं (गुणधर्म आधीच ठरलेले असतील तर दूरच्या कणांच्या मोजमापांत किती जुळणी येऊ शकते, याची मर्यादा ते सांगतं) कसोटीला लावलं आणि आस्पे, क्लाउजर, झाइलिंगर यांच्या प्रयोगांनी धक्का दिला. २०२२ चं नोबेल त्यासाठीच. (भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम यांची 'सगळं आधी ठरलेलं' मानणारी मांडणी यातून सुटते, पण दूरच्या कणांमधला तत्काळ प्रभाव मान्य करून.)

तरंगलांबी:
पत्र्यांची दिशा बघा ना. ते चालण्याच्या दिशेला काटकोनात आहेत, तरंगाच्या आघाड्यांसारखे, म्हणजे पुढे सरकणाऱ्या लाटेच्या रांगांसारखे. नुसता नजरेचा खेळ करायचा असता तर पत्रे कसेही लावले असते.

कुंचला:
चित्राकडून प्रमेयाची अपेक्षा का? क्वांटम सिद्धांताच्या जनकांपैकी एक, नील्स बोर, यांच्या घरी चित्रकार जाँ मेत्सँजेचं 'घोड्यावरची स्त्री' हे घनवादी (क्युबिस्ट) चित्र होतं. १९११-१२ चं, म्हणजे क्वांटम यांत्रिकी आकाराला यायच्या कितीतरी आधीचं. एकच आकृती अनेक बाजूंनी एकदम पाहण्याची सवय त्या चित्रानं लावली. कलेनं एवढं केलं तरी पुष्कळ झालं.

मापनयंत्र:
मेत्सँजेनं 'क्वांटम' नाव दिलं नव्हतं. नाव दिलं की दावा आला. अशा शिल्पासमोरून लोक 'बघणाऱ्यामुळे वास्तव बदलतं' एवढंच घरी घेऊन जातात आणि मग 'क्वांटम हीलिंग', म्हणजे क्वांटमच्या नावानं रोग बरे करण्याचे दावे, विकणाऱ्यांचं फावतं. मोजमापाला माणसाचा डोळा लागत नाही, कण टिपणारं यंत्र, डिटेक्टर, पुरतो. हे एकदा तरी कुणी ठणकावून सांगायला हवं.

कुंचला:
मग शास्त्रज्ञांच्या चित्रांचं काय? १९९३ मध्ये आयबीएममध्ये तांब्याच्या पृष्ठभागावर लोखंडाचे ४८ अणू गोल मांडले. आतल्या वर्तुळाकार लहरींची ती निळी-तांबडी प्रतिमा जगभर छापली गेली. रंग, प्रकाशाचा कोन, तिरकी नजर, सगळं कुणीतरी निवडलेलं.

मापनयंत्र:
रंग काढून टाका, लहरी तशाच राहतात. त्या पृष्ठभागावरून फिरणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या सुईच्या मोजणीतून आल्यात. शिल्पाचे पत्रे शिल्पकारानं ठरवले.

ठिपका:
मला दोघांचंही अर्धवट पटतं. अडचण अशी की स्थिर वस्तूत शक्यता दाखवताच येत नाही, तिला वेळ लागतो. १९८९ मध्ये हिताचीत तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी एकेक इलेक्ट्रॉन सोडला. आधी पडद्यावर विखुरलेले ठिपके, कशाचा कशाला मेळ नाही. हजारो ठिपके साचल्यावर मात्र लाटा एकमेकींत मिसळल्यावर दिसतात तसे पट्टे उमटले. प्रत्येक ठिपका एकाच जागी पडतो, ती जागा आधी सांगता येत नाही आणि नक्षी तरीही ठरलेली. कलाकारानं हे भिंतीवर दिवसभर घडू द्यावं. तासाभरानं परत येणाऱ्याला वेगळी भिंत दिसेल.

तरंगलांबी:
हे फारच आवडलं! मग क्वांटम गुंतागुंतही (एंटँगलमेंट, म्हणजे दूरच्या दोन कणांमधली जुळणी) दाखवता येईल. दोन दालनं, दोन भिंती. एकेकट्या भिंतीवर नुसता गोंधळ, दोन्हींच्या नोंदी शेजारी ठेवल्या की जुळणी दिसते.

मापनयंत्र:
तेवढ्यानं भागणार नाही. आधीच करून ठेवलेल्या दोन याद्याही अशाच जुळतील. दोन्ही दालनांत मोजण्याचा कोन बदलायचा खटका ठेवा आणि तो प्रेक्षकांना हवा तसा फिरवू द्या. आलेली जुळणी ठरलेल्या याद्यांच्या, म्हणजे बेलच्या, मर्यादेपलीकडे गेली पाहिजे, आणि त्यासाठी मागे खऱ्या फोटॉनांच्या (प्रकाशकणांच्या) जोड्या हव्यात, संगणकातली नक्कल नको. असं कुणी उभारलं तर त्याला 'क्वांटम' नाव द्यायला माझी हरकत नाही.